मागच्या दाराजवळचा कोबा

३ फेब्रुवारी

काम मिळालं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी राबले, हे पहिलं माझं स्वतःचं.

गावाबाहेर बाटल्यांचा एक कारखाना होता, तो कधीचा बंद पडला. त्याची मोठी शेड आता एका कागदवाल्याने घेतली आहे. छापखान्यांना लागणाऱ्या कागदाचं गोदाम करायचंय. छताला भिडणारे लोखंडी रॅक उभे करायचे आणि त्यांचे पाय जमिनीत बोल्टांनी पक्के करायचे, एवढंच माझं काम. एवढंच म्हणायला. कागद हलका असतो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा रिमांचा गठ्ठा पायावर पाडून घ्यावा.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि ओळखलं, हा कोबा बाबांच्या हातचा. हयातभर त्यांनी दुसरं केलं काय? कारखान्यांच्या जमिनी घातल्या. मालकांनी विचारलं, "जमीन कशी वाटते?" मी म्हटलं, "बघते." वडिलांचं नाव काढावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. छातीत सिमेंटची धूळ बसून बसून बाबांना आता जिना चढवत नाही, म्हणून ते गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहेत. घरात आम्ही दोघंच. आमचं बोलणं म्हणजे औषध घेतलंत का, घेतलं. दार लावलं का, लावलं. आज मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मागच्या दाराजवळ काय ठेवणार आहेत?"

"रॅकच. सगळीकडे रॅक."

"तिथे रिकामं सोड. गाड्या वळायला जागा लागते."

"नकाशा ठरलाय, बाबा."

पुन्हा पेपर वर. कामं सुटली तरी हुकूम सोडायची खोड सुटत नाही माणसाची.

१० फेब्रुवारी

आखणी झाली, भोकं पाडायला सुरुवात. ड्रिल चालवायला मी ज्याला जुन्या कंपनीतून फोडून आणलं, त्याला सगळे दंतवैद्य म्हणतात. भोक पाडून झालं की तो आधी ब्रशने घासतो, मग फुंकणीने धूळ उडवतो, पुन्हा घासतो, पुन्हा फुंकतो, आणि शेवटी आत टॉर्च मारून म्हणतो, "आ करा." त्याच्या या नाटकाला मी हसते, पण मनातून निर्धास्त असते. भोकात धूळ राहिली की बोल्ट धुळीला धरतो, काँक्रीटला नाही. वरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो फोर्कलिफ्टचा धक्का बसल्यावर, आणि तेव्हा खाली कोणीतरी उभं असतं.

पुढचा भाग लोण्यासारखा चाललाय. म्हणजे उलट, दगडासारखा. पाना फिरवला की बोल्ट जागच्या जागी आवळतो आणि पाना टक् करून सांगतो, बास. बाबांचा हात होता खरा. माणूस कसाही असो.

१४ फेब्रुवारी

बाबांनी जेवताना पुन्हा विचारलं, "मागच्या दाराकडे पोचलात का?"

"पुढच्या आठवड्यात."

"गाड्या कशा वळवणार?"

मी ताट उचललं. तीच टकळी. म्हातारपणी माणसाला एकच गोष्ट धरून बसायची सवय लागते म्हणतात. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

१९ फेब्रुवारी

मागच्या दाराजवळच्या दोन रांगा. दंतवैद्याने सकाळीच हाक मारली. "ताई, दाढ किडलीये."

भोकातून राखाडी पीठ निघत होतं. बोल्ट घातला, पाना लावला. आवळायचं नावच नाही. नुसता फिरतोय. शेजारचा तसाच. त्याच्या शेजारचा आवळला, पण नाराजीने, लहान पोर औषध घेतं तसा.

लांब बोल्ट मागवलेत. वरचा थर खराब असेल, खाली चांगलं लागेल.

२१ फेब्रुवारी

लांब बोल्ट बसले. सगळे नाहीत, बरेचसे. रांगा उभ्या केल्या. मला बरं वाटत नाही, पण मालक रोज येऊन घड्याळ बघतात.

२२ फेब्रुवारी

आज अक्षराकडे बघू नये.

दुपारी फोर्कलिफ्टवाला मागच्या दारातून आत आला. वळताना काट्याचं टोक कडेच्या खांबाला लागलं. जोरात नाही, गर्दीत कोणाचा खांदा लागावा तेवढं. खांबाचा पाय जमिनीतून उचलला गेला. बोल्ट वर आला आणि त्याच्याबरोबर काँक्रीटचा ढेपसा, मुळासकट दात यावा तसा. दंतवैद्य त्याच रांगेत वाकून बसला होता. रॅक कलला, छताच्या तुळईला टेकून थांबला. दंतवैद्य कसा बाहेर आला ते त्यालाही सांगता येत नाही.

रॅक रिकामा होता. महिन्याभराने हेच झालं असतं, तर वर कागद असता, आणि मी हे वाक्य पुरं करणार नाही.

दंतवैद्य पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, हा दात आम्ही नाही काढला हां. आपणहून आला." सगळे हसले. मग तो बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिला, बराच वेळ पाठ फिरवून.

२३ फेब्रुवारी

मालक म्हणाले, "मागे हलका माल ठेवू." मी म्हटलं, आज हलका. उद्या तुम्ही नसाल, मी नसेन, कोणीतरी जागा रिकामी दिसली म्हणून जड ठेवेल. ते म्हणाले, "तुम्ही फारच ताणता." मी त्यांना तो उपटलेला ढेपसा हातात दिला. त्यांनी अंगठ्याने दाबला आणि कडेचा तुकडा बिस्किटासारखा मोडला. मागच्या रांगा उतरवायच्या, तेवढा कोबा तोडायचा आणि नवा घालायचा, असं ठरलं.

जाताना त्यांनी विचारलं, "कोणी घातली असेल हो ही जमीन? पुढची इतकी झकास आणि इथे अशी चोरी?"

चोरी. कान तापले माझे.

२४ फेब्रुवारी

आज भांडण झालं. झालं म्हणजे मीच केलं. काँक्रीटचं ते ढेकूळ मी घरी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे तुमचं काम."

बाबांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी नेलं. "कुणाला लागलं?"

"नशीब, नाही."

"तरी मी म्हटलं होतं, रिकामं सोड."

"गाड्या वळायला! हे म्हटलं होतंत तुम्ही! बाबा, मेला असता एक माणूस!"

त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं, पण राग काही उतरला नाही. एकदा बांध फुटला की मागचंही वाहून येतं. म्हणाले मी, जे इतकी वर्षं म्हटलं नव्हतं. "ज्या कामापायी तुम्ही आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा वेळेवर आला नाहीत, ते काम हे असलं?"

बाबा उठून आपल्या खोलीत गेले. भिंत धरून.

इथे एकदाच लिहून टाकते. मी तेव्हा कॉलेजात होते. दादा शिकायला परदेशात; त्याला कसं येणं जमणार, लांबचा पल्ला. दवाखान्यात आईजवळ मी एकटी. दुपारी डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी बाबांच्या साइटवर फोन केला. आई त्यानंतर अजून बराच वेळ होती. दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. मी म्हणायचे, येतायत, येतायत. ऊन कलताना ती गेली. खिडकीखाली रस्त्यावर एक काँक्रीटची गाडी उभी होती, तिचं पिंप गरगरत होतं, दवाखान्याचा रखवालदार तिच्यावर ओरडत होता. सगळ्या जगात बांधकामंच चालली आहेत, असं वाटलं मला. तो आवाज आजही सोसत नाही. बाबा आले ते त्यानंतर. पँटला गुडघ्यापर्यंत ओलं सिमेंट, हात तसेच. म्हणजे माल ओतून, थापून, सगळं उरकून आले. मी विचारलं, "कुठे होतात?" ते काही बोलले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी बाबा कपडे करून दारात उभे. "मला तिकडे ने."

शेडमध्ये ते एक सळई घेऊन ठोकत ठोकत चालले. पुढे खणखणीत आवाज. चालता चालता दम लागला की थांबायचे, पण कान सळईकडेच. मागच्या दाराजवळ आवाज बदलला. बद्द. त्यांनी खडूने रेघ मारायला सुरुवात केली. जिथे खणखणीत संपतं आणि बद्द सुरू होतं, बरोबर तिथून. मला वाटलं होतं, जमिनीचा सांधा असतो तशी सरळ रेघ येईल. रेघ वेडीवाकडी आली. पाणी सांडून जिथे थांबावं, तशी.

"इथपर्यंत तोडा," बाबा म्हणाले. "एक वीतही सोडू नका."

मालकांनी विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील. हा कोबा त्यांनी घातलाय."

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. बाबा त्यांना म्हणाले, "पलीकडचा मी घातलाय. हा माझ्या नावावर झालाय." मग खुर्ची मागितली आणि डोळे मिटून बसले.

मला तेव्हा राग आला. आता म्हातारा आपलं नाव झटकतोय, असं वाटलं.

४ मार्च

तोडकाम सुरू. नवा कोबा घालायला चांगला हात हवा होता. बाबा म्हणाले, मुकादमाला बोलाव. मुकादमकाका बाबांचे जन्माचे जोडीदार; गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. आज आले. खडूच्या रेघेवर उभे राहिले आणि म्हणाले, "आठवतोय की म्हाताऱ्याला बरोबर."

मी विचारलं, "काका, खरं सांगा. इथे माल कोणी मारला?"

काका माझ्याकडे बघत राहिले. "तुला माहीत नाही?"

"काय?"

"पोरी, हा गाडीतला मालच नव्हे. हे आम्ही हातांनी कालवलं. जी वाळू होती ती, जे सिमेंट उरलं होतं ते."

"का? गाडी आली नव्हती?"

"आली होती की. अर्धी रिकामी झाली होती. तेवढ्यात तुझा फोन आला. मीच घेतला. तुझ्या बापाला सांगितलं, तर त्याने हातातली थापी ओल्या मालात टाकली. टाकली म्हणजे सोडलीच. बाहेर बघतो तर वाहन नाही. तेव्हा इकडे काय होतं? कुत्रंही यायचं नाही. मग चढला काँक्रीटच्या गाडीवर. ड्रायव्हरला म्हणाला, चल दवाखान्यात. ड्रायव्हर म्हणतो, अहो, पोटात माल आहे. तुझा बाप म्हणाला, राहू दे पोटात."

मी उभी होते. बसले.

"पुलाचं काम निघालं होतं," काका सांगत होते. "केवढा मोठा वळसा पडला. त्यात ती गाडी, चालणार किती? माल आत सुकू नये म्हणून ड्रायव्हर वाटभर पिंप फिरवत होता. दवाखान्याच्या दारात उभी केली तरी फिरवत होता. तिथल्या रखवालदाराने आईमाईवरून शिव्या दिल्या म्हणे. इकडे आम्ही काय करणार? ओला माल तसाच उघडा सोडता येत नाही. जमलं ते कालवलं आणि ओतलं. मग आम्हीही तिकडेच आलो सगळे. वर पाणी मारायला माणूस राहिला नाही. त्या उन्हात कोबा तसाच तडकला. नंतर तुझा बाप जुन्या मालकाकडे जाऊन म्हणाला, पुन्हा घालून देतो. तो चांगला माणूस. म्हणाला, राहू दे, तेवढी जागा आम्ही रिकामी ठेवू."

दंतवैद्याने तोडायचं यंत्र बंद केलं होतं. तोही ऐकत होता.

५ मार्च

काही लिहायला बसले होते. जमत नाही.

७ मार्च

मी दवाखान्यात त्या गाडीचा आवाज ऐकला होता. खिडकीपाशी जाऊन वाकले असते तर ते उतरताना दिसले असते.

बाबांना अजून विचारलेलं नाही. काल त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि विचारलं, "औषध घेतलंत का?" म्हणाले, "घेतलं."

९ मार्च

आज विचारलं. ते खिडकीशी बसून पायाची नखं कापायच्या खटपटीत होते. वाकलं की दम लागतो. मी नेलकटर त्यांच्या हातातून घेतलं आणि खाली बसले. असं बसलं की तोंडाकडे बघावं लागत नाही.

"मुकादमकाकांनी सांगितलं."

"त्याचं तोंड पहिल्यापासून सैल."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"की काम टाकून निघाला होतात."

"निघालो होतो," बाबा म्हणाले. "पोचलो कुठे?"

मी नख कापत राहिले.

"तू विचारलंस, कुठे होतात. तिथे नव्हतो, हेच त्याचं उत्तर. वाटेत होतो म्हणून काय फरक पडतो, धाकटे? तिला काय फरक पडला?"

"मला पडला असता."

त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, "तुला कोणावर तरी चिडायचं होतं. देवावर चिडली असतीस, आजारावर चिडली असतीस. त्यापेक्षा मी बरा होतो. मी दोन वेळा जेवायला तरी घरी येत होतो."

"आणि त्या जमिनीचं? ते तरी नीट सांगायचं होतंत."

"रिकामं सोड म्हटलं."

"कारण नाही सांगितलंत."

"कारण सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं." मग हळूच म्हणाले, "तुझ्या त्या माणसाला काही झालं असतं, तर मात्र मला तोंड दाखवायला जागा नव्हती. तिथे माझं चुकलं."

त्यांची नखं जाड झालीत, शिंपल्यासारखी. किती दिवस कोणी कापली नव्हती?

१६ मार्च

नवा कोबा घातला. बाबा खुर्ची टाकून दारात बसले. नाकाला फडकं बांध म्हटलं तर म्हणाले, आता बांधून काय राखायचंय! काकांचा आवाज आणि बाबांची नजर मिळून एक धडधाकट माणूस होत होता. एक बघायचा, दुसरा ओरडायचा. दंतवैद्य थापी मारत होता, त्याला बाबा म्हणाले, "अरे, पाठ चोळतोस का तिची? दाब." तो म्हणाला, "आजोबा, आम्हाला भोकं पाडायचं शिकवलंय, बुजवायचं नाही."

बाबा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. की बघितलं नव्हतं म्हणजे मी बघतच नव्हते?

काँक्रीटची गाडी आली तेव्हा मी बाहेर गेले नाही. आतच उभी राहिले. पिंप फिरत होतं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

२० मार्च

रोज घरून त्यांचा फोन. "पाणी आहे का वर?" नव्या कोब्यावर कडेने आळं करून पाणी तुंबवून ठेवलंय. "आहे." "कडेची पोती भिजलेली आहेत का?" "आहेत." "बघून सांग." मी बघून येते, सांगते. पहिल्यांदाच आम्हाला बोलायला विषय मिळालाय. विषय काय, तर पाणी.

२ एप्रिल

बाबांना दवाखान्यात नेलं. श्वास पुरत नाही. परत घरी आणलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता त्यांना आवडेल ते करू द्या. मी विचारलं, म्हणजे? ते म्हणाले, म्हणजे तेच.

५ एप्रिल

बोल्टांची ओढ तपासायचं काम दंतवैद्यावर सोपवलंय. नवा कोबा पुरता पक्का झाला की प्रत्येक पायाचा बोल्ट यंत्राने वर ओढून बघायचा. ठरलेल्या आकड्यापर्यंत काटा जाऊन थांबला पाहिजे. मालकांना म्हटलं, मी येणार नाही, घरी आहे. ते आधी कुरकुरले. मग म्हणाले, "वडील ना? बसा त्यांच्याजवळ. कागद काही नासत नाही."

मला वाटायचं, शेवटच्या दिवसांत माणसं मोठं काही बोलतात. बाबा म्हणतात, उशी खाली कर. उशी वर कर. चहात साखर कमी पडली. समोरच्या घराचा सज्जा उताराला नाही, पाणी साचेल. काल म्हणाले, "तुझी आई चहा फार गोड करायची." मी म्हटलं, "तुम्ही कधी म्हणाला नाहीत." म्हणाले, "दर वेळी कशाला म्हणायचं?"

दादाचा फोन होता. येतोय म्हणाला, पंधरवड्याने.

१२ एप्रिल

बाबा गेले.

दुपारी ते झोपले होते. श्वास संथ होता, कालच्यापेक्षा बरा वाटत होता. सकाळपासून मी खुर्चीवरून हलले नव्हते. मग आठवलं, वर गच्चीत त्यांच्या चादरी वाळत घातल्या आहेत, ऊन उतरलं की ओलसर होतात. म्हटलं, पटकन काढून आणते. वर शेजारीण भेटली. तिने विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, आज बरे आहेत. चादरींच्या घड्या तिथेच घातल्या. कशाला घातल्या? खाली येऊन घालता आल्या असत्या.

खाली आले तर खोलीत शांत होतं. मी आधी चादरी कपाटात ठेवल्या. मग कळलं.

डोळे दाराकडे होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी बघितलं नाही. मिटले.

१६ एप्रिल

माणसं येतात, बसतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच. जवळ होतीस ना? मी म्हणते, हो. फोनवर दादानेही विचारलं. "तू जवळ होतीस ना गं?" म्हटलं, "होते." तो म्हणाला, "बरं झालं. तेवढंच समाधान. आता तिकीट रद्द करतो." खोटं नाही बोलले. एका जिन्याचं तर अंतर.

२८ एप्रिल

कामावर गेले. मागच्या रांगा उभ्या आहेत. चाचणीचं यंत्र दंतवैद्याने माझ्यासाठी एका खांबापाशी लावून ठेवलं होतं. बाकीचे त्याने तपासलेत, हा शेवटचा तुम्ही बघा म्हणाला. मी दांडा फिरवला. काटा चढत गेला, ठरलेल्या आकड्यावर थांबला, आणि बोल्ट तसूभर हलला नाही. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या दारातून बाहेर येऊन पायरीवर बसले.

मुकादमकाका आले होते. गुडघे सांभाळत शेजारी बसले. त्यांनी एकट्यानेच अजून काही विचारलं नव्हतं, म्हणून असेल, मीच बोलले.

"काका, मी नव्हते. गच्चीत गेले होते, चादरी काढायला. सगळ्यांना सांगितलं, जवळ होते म्हणून."

काकांनी एवढंच विचारलं, "दादालाही?"

"हो."

"तुमच्या घरात एकाने गिळून ठेवलं तेवढं पुरे झालं, पोरी," ते म्हणाले. "लाव त्याला फोन."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतेस?"

लावला. सांगितलं. चादरी, शेजारीण, घड्या, सगळं. फोन कटला असं वाटलं.

"दादा?"

"ऐकतोय." "गच्चीत तरी होतीस ना? मी दोन्ही वेळा आलो नाही. आईच्या वेळी तिकीट मिळत होतं, धाकटे. मी काढलं नाही. घाबरलो होतो."

काका काठी टेकत उठले आणि आत गेले, आम्हाला बोलता यावं म्हणून. आत रॅकवर कागद चढायला लागला होता, फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. आम्ही दोघं बराच वेळ नुसते फोन धरून रडत होतो. मग दादा म्हणाला, "बाबांचं सांग. काय काय बोलायचे शेवटी?"

मी म्हटलं, "उशी खाली कर म्हणायचे. उशी वर कर."

"अजून?"

मी सांगत राहिले.